कार्डाच्या खोक्याच्या सहा बाजू

ये गं, जरा जवळ सरकून बस. म्हणजे तिथंच, तुझ्या नांदेडच्या घरात. हे वाचत असशील तेव्हा गॅस बारीक कर आणि स्टूल ओढून घे. मला तुझ्यावर थोडं रागवायचंय आणि लांबून रागवायला मला जमत नाही.

परवा फोनवर तू हसलीस. "मावशी, या वयात तू व्हिडिओ गेमचं कार्ड निवडायला नांदेडला आलीस, आणि मला न भेटता गेलीस?" असं म्हणालीस. आधी भेटीचं बोलू. मी तुझ्या दाराला कुलूप बघून आले. तू कुठं होतीस? पोरीची क्लासमध्ये टेस्ट म्हणून क्लासच्या फाटकाबाहेर दुपारभर स्कूटीवर बसून राहिली होतीस. पेपर तिचा आणि ऊन तू खातेस. दुसरं म्हणजे, तुझ्या आईनं तुला अर्धीच गोष्ट सांगितली आणि तू त्या अर्ध्या गोष्टीवर पूर्ण हसलीस. आता सगळी ऐक, मग हस.

आमच्या सूनबाईला तू लग्नातच पाहिलंस. माहेर कंधारचं, शिक्षण कॉम्प्युटरचं, बोलणं कमी. लग्नानंतर पहिला महिनाभर मला वाटायचं, ही पोरगी दुपारी दार लावून काय करते? एकदा चहा घेऊन आत गेले तर पडद्यावर एक बाई घोड्यावर बसून जंगलातून चाललेली. पाऊस पडून राहिलेला, गवताचं पातं न् पातं हलतंय, घोड्याच्या मानेवरनं पाणी निथळतंय. लांब डोंगरावर किल्ला. मी म्हटलं, "हा कोणता सिनेमा?" ती म्हणाली, "आई, सिनेमा न्हाई. हिला मी चालवतेय." मी चहा तसाच हातात धरून उभी राहिले. त्या दिवसापासून दुपारी तीनचा चहा आम्ही दोघी त्या घोडेवालीसोबत प्यायला लागलो. माझ्या मेसमधल्या पोरींची जेवणं उरकलेली असायची, भांडी घासायला पडलेली असायची, आणि मी तिथं खुर्चीत बसून "उजवीकडं वळ, तिकडं धूर दिसतोय" असं सांगत असायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या नवऱ्यानंतर कुणी माझ्यासोबत इतका वेळ बसलं न्हाई.

तर झालं असं, की पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं सूनबाईला काम द्यायचं कबूल केलं. बाजारात यायच्या आधी नवे गेम खेळायचे, त्यातल्या चुका शोधायच्या, आणि खेळता खेळता रेकॉर्ड करून, तोंडानं सांगत दाखवायच्या. घरून केलं तरी चालेल म्हणाले. पण अट एक. तुमच्या मशीनवर जड गेमचं तासभराचं रेकॉर्डिंग सलग, न अडखळता होतं हे आधी दाखवा. पंधरा दिवसांत पाठवा. न्हाई जमलं तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा.

आणि पुण्याला जायचं म्हणजे काय, हे मी तुला समजावून सांगायला नको. माझा लेक औशाच्या शाळेत मास्तर. त्याची नोकरी काही उठून पुण्याला जाणार न्हाई. म्हणजे एक तिकडं, एक इकडं, आणि मी मधी. ती एकदाच म्हणाली, "काम सोडणार न्हाई मी, आई. पण जायचं मनात न्हाई." एवढंच. पण मी दोन वेळा साठ माणसं जेवू घालणारी बाई, कुणाच्या पोटात काय हाय ते मला चेहऱ्यावर दिसतं.

अडचण आता ऐक. गेम चालायचा छान. पण रेकॉर्ड करून मग लावून पाहिलं की घोडा दोन पावलं चालायचा, थबकायचा, आणि एकदम चार पावलं पुढं गेलेला दिसायचा. आवाज पुढं, चित्र मागं. सूनबाई म्हणाली, ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल. हे कार्ड म्हणजे पत्त्यातलं किंवा रेशनचं न्हाई बरं का. कॉम्प्युटरच्या पेटीत विटेएवढी एक वस्तू बसते, तिला पंखे असतात, आणि पडद्यावरचं सगळं चित्र ती काढते. पाऊस, गवत, घोडा, सगळं तिचं काम. रेकॉर्डिंगचा भारही तिच्यावरच.

आता आमच्या लातुरात कुठलीही निवड कशी होते? मार्कांवर. आमच्या मेसमध्ये जेवणाऱ्या पोरी सगळ्या क्लासच्या. कुणी डॉक्टर होणार, कुणी इंजिनिअर. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि दुसऱ्या दिवशी मी बघते तर भाजी लिहायच्या फळ्यावर वांग्याच्या खाली कार्डांची मेरिट लिस्ट. कोणत्या कार्डाच्या नावात किती मोठा आकडा, त्या क्रमानं एक ते दहा. एक पोरगी मला समजावून सांगायला लागली, "काकू, वरचा आकडा म्हणजे टॉपर. टॉपर घ्यायचा, विषय संपला."

"आणि टॉपरला भाकरी करता येत नसली तर?" मी विचारलं.

"काकू, टॉपरला सगळं येतं."

हसू नकोस, मीही मान डोलावली. ज्या गावात क्लासच्या बोर्डावर मार्क बघून लोक पोरं पाठवतात, त्या गावात मी तीस वर्षं काढली. आकड्याचा दरारा माझ्याही अंगात भिनलाय. ओळखीतल्या एकाकडं लिस्टमधल्या पहिल्या नंबरचं, वापरलेलं कार्ड होतं. तो ते घेऊन आला. तीन पंखे. मी हातात घेतलं तर चांगलं जड, पाट्याच्या वरवंट्यासारखं. आपल्याकडं वस्तू हातात तोलून बघायची सवय. लोखंडी तवा असो नाहीतर पंखा, जड म्हणजे दमदार. सूनबाई काहीतरी बोलायला गेली, "आई, हे जरा जुन्या पिढीचं..." आणि मीच म्हटलं, "जुनं ते टिकतं. घे." नवीन सून सासूच्या तोंडावर न्हाई म्हणेना, आणि सासूला कळेना. ती चूक माझी, फळ्यावरच्या पोरींची न्हाई.

कार्ड बसवलं. गेम काय चालला म्हणून सांगू. पावसाचे थेंब मोजावेत असा. आम्ही दोघी खुशीत. रेकॉर्डिंग लावून पाहिलं आणि दोघींची तोंडं उतरली. घोडा पळायला लागला की चित्र चिखलासारखं व्हायचं, आणि मधेच अडखळणं होतंच. सूनबाईनं सांगितलं की ह्या कार्डात चित्र काढायचा भाग ताकदीचा हाय, पण रेकॉर्ड करायचा भाग जुना, त्याला पळणारं चित्र पकडता येईना. पंधरापैकी अकरा दिवस गेले होते. कार्ड ज्याचं त्याला परत दिलं. माणूस भला, कुरकुर न करता घेऊन गेला.

त्या दुपारी मी ज्वारी निवडत बसले आणि मला एकदम आठवलं, त्या कार्डाला खोकं नव्हतं. कापडात गुंडाळून आणलं होतं. मी, आणि खोकं न वाचता वस्तू घेतली? तेव्हा कुठं मला माझी चूक पुरती कळली.

हे तुला ठाऊक न्हाई, म्हणून सांगते. भूकंपात आमचं किल्लारीजवळचं गाव गेलं तेव्हा मी नवी लग्न झालेली. विसर्जन करून लोक निजले होते. माझी सासू गेली, घर गेलं. जास्त सांगत न्हाई, तुझ्या आईनं सांगितलं असेल. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो. देशभरातनं मदत यायची, खोकीच्या खोकी. एकदा एका खोक्यात पांढऱ्या पावडरच्या पिशव्या निघाल्या. आम्ही चार बायका, कुणालाच अक्षर येत नव्हतं. दुधाची पावडर असणार म्हणून मी पातेलं चढवलं, ढवळलं, चहापत्ती टाकली. आणि फेस जो यायला लागला, तो पातेल्यावरून, चुलीवरून, जमिनीवर. कपडे धुवायची पावडर होती ती. शेजारची बाई म्हणाली, "तुझा चहा लई स्वच्छ होईल बघ." आणि त्या शेडमध्ये, भूकंपानंतर पहिल्यांदा, आम्ही चौघी हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. मग रडलो पण.

त्या दिवशी मी ठरवलं, की खोकं वाचल्याशिवाय उघडायचं न्हाई. शिकवायला कोण होतं? खोकीच होती. बिस्किटाच्या खोक्यावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आत काय हाय ते मला ठाऊक, म्हणजे वर काय लिहिलंय त्याचा अर्धा उलगडा झालेला. कोळशानं पत्र्यावर अक्षर गिरवायचं आणि रात्रीच्या आत पाठ करायचं. असं करत करत मी दोन्ही लिप्या शिकले. शाळेत न गेलेली मी, पण कोणत्याही खोक्याच्या सहाही बाजू वाचते. खालची पण. खालच्या बाजूलाच खरं लिहिलेलं असतं, कारण ती कुणी बघत न्हाई.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सूनबाईला म्हटलं, "नांदेडला चल. खोक्यातलं कार्ड घेऊ." सकाळची भाजी बायकांवर सोपवून आम्ही एसटी धरली. अहमदपूर गेलं, लोहा आलं, आणि कंधारचा फाटा लागला तसं ती म्हणाली, "आई, लहान असताना किल्ल्यात खेळायचो आम्ही, खंदकाच्या कडेनं पळायचो. म्हणून मला तो गेम आवडला असेल." सहा महिन्यांत स्वतःबद्दल एवढं ती पहिल्यांदा बोलली. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. म्हटलं, बोलू दे.

नांदेडचं ते दुकान तू बघितलं असशील, जुन्या बाजारात, अत्तरवाल्याच्या पुढं. दुकानदार मुसलमान, पन्नाशीचा, डोळ्याला जाड चष्मा. बाप, आजा रेडिओ दुरुस्त करायचे, हा कॉम्प्युटर करतो. मी गेल्या गेल्या म्हटलं, "भाईजान, कार्ड नंतर दाखवा. आधी खोकं द्या."

त्यानं चष्मा वर केला. "अम्मा, लोक कार्ड बघतात, तुम्ही खोकं बघून राहिल्या?"

"खोकं खोटं बोलायला लागलं तर ते खालच्या बाजूला पकडता येतं," मी म्हटलं.

त्यानं एक मोठं खोकं ठेवलं. वर राक्षसाचं चित्र, डोळ्यांतनं आग. मी चष्मा पुसला आणि सुरू केलं. पहिली बाजू, दुसरी बाजू. भाईजानानं तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला माऊस विकला, दुसऱ्याशी भांडण केलं, चहा मागवला. "अम्मा, वाचताय का परीक्षा देताय? लातूरहून आलात वाटतं." मी हात वर केला, थांब म्हणून. आणि खालच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं. ह्या कार्डाला साडेसातशे वॅटचा वीजपुरवठा पेटीत पाहिजे. मी सूनबाईला विचारलं, "आपल्या पेटीत कितीचा हाय?" तिनं कपाळावर हात मारला. "साडेपाचशेचा. आई, माझ्या लक्षातूनच गेलं." शिकलेली माणसं घाईत असली की मोठी अक्षरं वाचतात.

भाईजानानं राक्षस गुपचूप कपाटात ठेवला आणि माझ्यासमोर चहाचा कप सरकवला. आता त्याचा सूर बदललेला. "अम्मा, काम काय करायचंय ते सांगा, मग मी सांगतो."

मला त्या यंत्राच्या भाषेत बोलता येत न्हाई. मी माझ्या भाषेत सांगितलं. "हे बघा भाईजान, आमच्या मेसमध्ये आधी एकच बाई भाकरी थापायची आणि तीच वाढायची. वाढायला उठली की तव्यावरची करपायची. तव्याशी बसली की पंगत ताट वाजवायची. मग मी वाढपी वेगळी ठेवली. तव्याशी बसणारी उठायची न्हाई, वाढणारी बसायची न्हाई. मला असं कार्ड पाहिजे, ज्यात चित्र काढणारा एक आणि रेकॉर्ड करणारा दुसरा. आणि तो दुसरा म्हातारा नको."

तो सूनबाईकडं बघून म्हणाला, "बेटी, तुझ्या सासूला मी नोकरीला ठेवतो."

"आधी माझा नंबर लागू द्या," सूनबाई म्हणाली. एवढी मोकळी मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग त्यानं समजावून सांगितलं. सगळ्याच कार्डांत असा वाढपी असतो, त्याला एनकोडर म्हणतात. पण पिढीपिढीत फरक. जुन्या पिढीच्या टॉपरपेक्षा नव्या पिढीचा मधल्या नंबरचा विद्यार्थी रेकॉर्डिंगला बरा, कारण त्याचा एनकोडर नवा. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या फळ्यावरची मेरिट लिस्टच चुकीच्या विषयाची होती." तो म्हणाला, "विषय बरोबर अम्मा, पेपर दुसरा." त्यानं मधलं एक खोकं काढलं, दोनच पंख्यांचं. मी पुन्हा सहा बाजू. वीज आमच्या पेटीला पुरणारी. लांबी किती तेही लिहिलेलं. सूनबाईनं घरून पेटीतली जागा दोऱ्यानं मोजून आणली होती, माझीच सवय लागली तिला. दोरा लावला, बसतंय. आणि मागच्या बाजूला एनकोडरचं नाव, त्याच्या पिढीसकट. मी ते अक्षर अक्षर मोठ्यानं वाचलं आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. भाईजानानं तिथंच आपल्या मशीनला कार्ड लावून एक मोटारींचा गेम दहा मिनिटं रेकॉर्ड करून दाखवला. लोण्यासारखा. मी त्याला म्हटलं, "द्या." तेव्हाच तुझ्या दारावर येऊन मी ते कुलूप बघितलं. खोकं छातीशी धरून तुझ्या ओट्यावर पाच मिनिटं बसले पण. शेजारणीला विचार.

घरी आल्यावर काय झालं म्हणून सांगू, मला दम न्हाई. कार्ड बसलं. मे महिना, खोली तव्यासारखी. मी म्हटलं, यंत्राला गार वारा द्यावा, आणि कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून त्याचं तोंड थेट पेटीकडं केलं. सूनबाई आत आली आणि किंचाळायचीच राहिली. "आई, ओला वारा. आतनं गंजेल, जळेल." मी कूलर असा फिरवला की भिंतच गार पडली. मग तिनं पेटीचं झाकण काढून घरातला टेबलफॅन लावला. साधा, कोरडा.

शेवटचे दोन दिवस उरलेले. दुपारी रेकॉर्डिंगला बसली. वीस मिनिटं छान. मग गेममध्ये मोठी लढाई आली. पाऊस, आग, पन्नास माणसं, तिकडं किल्ल्याची भिंत कोसळायला लागलेली. आणि रेकॉर्डिंग पाहिलं तर तिथं पुन्हा थबक. पहिल्यासारखं न्हाई, पण थबकच. सूनबाईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. लेकाला फोन लावायला म्हणून उठली, आणि मला कळलं की ती पुण्याचं बोलणार.

मी म्हटलं, "थांब. एवढंच सांग. तो कोपऱ्यात आकडा लागलाय तो कशाचा?"

"कार्ड किती टक्के काम करून राहिलंय त्याचा."

"आणि किती हाय?"

"नव्व्याण्णव."

आता बघ, लातुरात नव्व्याण्णव म्हटलं की चौकात फ्लेक्स लागतो, पेढे वाटतात. मला मात्र तो आकडा बघून आमची ती जुनी भाकरीवाली आठवली. मी म्हटलं, "बाई, जी नव्व्याण्णव टक्के तव्याशी गुंतलीय, तिच्या वाढपीला भाकरी हातात कोण देणार? वाढपी कितीही जवान असो. भाकरी तव्यावरून उचलून तिच्या ताटात टाकायला एक हात तरी मोकळा पाहिजे की न्हाई?"

सूनबाई माझ्याकडं बघायला लागली. मग खुर्चीत बसली. मग उठली. मग पुन्हा बसली. "आई, हे मला सुचायला पाहिजे होतं. कार्ड सेकंदाला शंभराच्या वर चित्रं काढतंय. पाठवायची साठच. बाकीची वाया चाललीत, आणि रेकॉर्डिंगला जागाच उरत न्हाई."

"मग सांग त्याला, साठच थाप म्हणून. पंगतीला साठच माणसं हायत."

तिनं कुठंतरी जाऊन साठची मर्यादा घातली. सावल्यांचं बारीक काम एक पायरी कमी केलं, मला तर काही फरक दिसला न्हाई. तीच लढाई पुन्हा लावली. आकडा सत्तरवर येऊन उभा राहिला. मी तुला सांगते, सत्तर बघून इतका आनंद लातुरात कुणाला झाला नसेल. रेकॉर्डिंग लावून पाहिलं. भिंत पडली, तिचा दगड न् दगड नीट पडला. घोडा त्यातनं निघाला तो सलग. मी त्या पडणाऱ्या भिंतीकडं बघत राहिले आणि मला भीती वाटली न्हाई. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी खरा तास. त्याची तयारी तर लग्नासारखी. शेजारी पिठाची गिरणी, ती सुरू झाली की आमच्याकडं लाईट मिणमिणते. मी गिरणीवाल्या काकांकडं गेले. म्हटलं, "तीन ते चार गिरणी बंद ठेवा."

"कोण गेलं?" ते घाबरून म्हणाले.

"कुणी गेलं न्हाई. कुणी जाऊ नये म्हणून सांगतेय."

त्यांनी दळण थांबवलं. वर बाकड्यावर बसलेल्या बायकांना सांगितलं, तास लागेल, डबे ठेवून जा. मेसमधल्या पोरींनी जिन्यात चपला हातात घेतल्या. मी कुकरची शिटी काढून पदरात बांधली, म्हणजे कुणी चढवायलाच नको. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही आत बसा, पण बोलायचं न्हाई. माइक सगळं पकडतो." मी पदराचा बोळा तोंडात धरला आणि खुर्चीत बसले. तासभर. तिच्या मागनं चोर आला तेव्हा मला दिसला, तिला न्हाई. मी खुर्चीचा हात असा आवळला की दुसऱ्या दिवशीपर्यंत मनगट दुखत होतं. पण ती फिरली वेळेवर. आणि बोलत काय होती, ऐकायला पाहिजे होतंस. ही कमी बोलणारी पोरगी, एक तास, आपल्या मराठीत, कुठं काय बिघडतंय, कुठल्या दगडातनं घोड्याचा पाय आरपार जातोय, सगळं दाखवत. मी मनात म्हटलं, इतके महिने हे कुठं साठवलं होतं हिनं.

चार वाजता तिनं बटण दाबलं आणि मी तोंडातनं पदर काढला. पहिलं काय बोलले ठाऊक हाय? "मागं चोर होता गं." ती हसायला लागली ती थांबेना. बाहेर गिरणी सुरू झाली.

रेकॉर्डिंग आम्ही दोघींनी पूर्ण पाहिलं, अख्खा तास. कुठंही थबक न्हाई. पाठवलं. तिसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात फोन. म्हणाली, "घरूनच करा म्हणालेत." मी मेथी खाली ठेवली. ती पण बसली, माझ्या शेजारी फरशीवर, आणि मेथी निवडायला लागली. आम्ही दोघींनी ती जुडी निवडून संपवली, मग दुसरी पण. लेक शाळेतनं आला तेव्हा त्याला वाटलं, घरात काही झालंच न्हाई.

फळ्यावरची मेरिट लिस्ट पोरींनी स्वतः पुसली. त्या जागी एकीनं लिहिलं, "काकूंचा नियम: सत्तर टक्के काम, एक हात मोकळा." आता टेस्टच्या आदल्या दिवशी त्या मला ते वाचून दाखवतात आणि जेवून झोपायला जातात. तू पण तुझ्या पोरीला सांग. आणि तू स्वतः त्या फाटकाबाहेर उन्हात बसायचं थांबव.

आता एवढं सगळं ऐकलंस तर माझं एक ऐक. पोरीला घेऊन ये. शनिवारी ये, रविवारी क्लासला सुट्टी असते, बहाणा चालणार न्हाई. निघताना जुन्या बाजारातल्या त्या दुकानावरून ये आणि भाईजानांना सांग, अम्मानं सांगितलंय की वाढपी चांगला निघाला. इथं तीन वाजता चहा ठेवते, सूनबाई तुला घोड्यावर बसवते म्हणालीय. कार्डाचं खोकं मी फेकलेलं न्हाई, कपाटावर ठेवलंय. तू आलीस की खाली काढते, सहाही बाजू तुझ्या पोरीला वाचायला लावते. खालच्या बाजूपासून. लवकर ये गं.